वहिवाटीचे सूर

इंग्लंडातील कोणत्याही मध्यम वकुबाच्या शहरात, जेथे दोन सामान्य रस्ते एकमेकांना छेदतात, तेथे कोपऱ्यावर एक लहानसे दुकान असते. दूध, पाव, वर्तमानपत्रे, सिगारेटी, मुलांच्या गोळ्या आणि रात्री नऊ वाजता घरात एकाएकी संपलेला कोणताही जिन्नस तेथे मिळतो. आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला गृहस्थ, त्याच्या मागे आत-बाहेर करणारी त्याची पत्नी आणि शाळेतून येताच दप्तर भिंतीशी टाकून मालाची खोकी उघडणारा त्याचा मुलगा, ही मंडळी पुष्कळदा पंजाबातून, गुजरातेतून किंवा पूर्व आफ्रिकेच्या वाटेने आलेली असत. इंग्रजांच्या विनोदांत, दूरचित्रवाणीवरील प्रहसनांत आणि रस्त्यावरील शिवीगाळीत या दुकानाच्या वाट्याला जे स्थान आले ते सन्मानाचे नव्हते. अशा स्थितीत १९९० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत लेस्टर शहरी चार तरुणांनी गिटारींचा एक वाद्यवृंद उभारून त्याचे नाव ‘कॉर्नरशॉप’ असे ठेवले, तेव्हा लोकांनी मारलेला टोमणाच उचलून त्यांनी आपल्या दारावर पाटी म्हणून लावली, असे म्हणावयास हरकत नाही.

या वाद्यवृंदाची साद्यंत हकीकत पुढील पृष्ठांत येणार आहे. प्रस्तावना लिहिणाराने ती आधीच सांगून टाकणे औचित्याला धरून होणार नाही. परंतु एका प्रश्नाचा विचार प्रारंभीच करून ठेवणे मला इष्ट वाटते, कारण त्याचे उत्तर हाती असल्यावाचून या मंडळींच्या संगीतातील धिटाई मराठी वाचकाच्या ध्यानी येणार नाही. सातव्या दशकातील इंग्रजी गिटार-संगीताचा वारसा सांगण्याचा अधिकार वुल्व्हरहॅम्प्टन गावी जन्मलेल्या एका शीख मुलाला कोणत्या दस्तऐवजाच्या बळावर प्राप्त होतो, हा तो प्रश्न होय. इतक्या स्पष्ट शब्दांत तो कोणी विचारीत नसे. पण तो वारसा कोणाचा, हे विलायतेत इतके गृहीत धरले गेले होते की, विचारण्याची कोणाला गरजच भासत नव्हती.

ते संगीत म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. दोन गिटारी, एक खर्जाची गिटार, ढोल, दोघा-तिघांचे मिळून गाणे, आणि तीन मिनिटांच्या आत संपणारे पद. ते ज्या सात इंची तबकडीवर उमटे ती मिनिटाला ४५ फेरे घेई. बीटल्स, किंक्स, बर्ड्स यांच्या गाण्यांत या सामग्रीला जे तेज आले ते केवळ विलायती आणि अमेरिकन पुण्याईवर आले नव्हते. १९६५ च्या जानेवारीत किंक्स मंडळी ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर मुंबईस उतरली असता त्यांचा गायक-कवी रे डेव्हिस याने भल्या पहाटे समुद्रकिनारी मासेमारांचे गाणे ऐकले, आणि त्याच वर्षी ‘सी माय फ्रेंड्स’ या गाण्यात गिटारीच्या तारेवर त्या गाण्यातील अखंड आधारस्वराचे अनुकरण केले. ज्यांचे गाणे त्याने कानांत साठवून नेले त्या दर्यावर्दींना ह्याची वार्ता लागण्याचा संभवच नव्हता. पुढे ऑक्टोबरात जॉर्ज हॅरिसनने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ‘इंडियाक्राफ्ट’ नावाच्या दुकानातून विकत घेतलेली एक साधारण प्रतीची सतार ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात छेडली. त्या गाण्याची मूळ बैठकच अशी आहे की आपल्या कानास तीत खमाज थाट स्वच्छ ओळखू यावा, मधल्या कडव्यात गांधार उतरून काफीची छाया पडावी. म्हणजे सतार तेथे अगदीच परक्या घरी आली होती असे नाही. पण ती आली ती अलंकार म्हणून.

हॅरिसनच्या बाबतीत एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. त्याने रविशंकरांचे शिष्यत्व पत्करले, निष्ठेने मेहनत केली, आणि आपली शीघ्र कीर्ती आपल्या गुरूच्या विद्येपुढे किती थिटी आहे हे उघडपणे मान्य केले. १९६६ सालच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीवरील ‘लव्ह यू टू’ या गाण्यात तबला वाजविणाऱ्या अनिल भागवतांचे नाव वेष्टनावर छापले गेले, ते आडनाव वाचून मराठी माणूस क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही. परंतु पुढच्याच वर्षी ‘विदिन यू विदाउट यू’ करिता ज्यांनी साथ केली ते दिलरुबावादक अण्णा जोशी व अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बसलेले बुद्धदेव कन्सारा आणि तबल्यावरचे नटवर सोनी यांची नावे ते गाणे ज्या तबकडीवर आले तिच्या जगप्रसिद्ध वेष्टनावर आली नाहीत, जरी त्याच वेष्टनाच्या दर्शनी भागावर साठांहून अधिक नामवंतांची गर्दी उभी करण्यास जागा पुरली होती. तात्पर्य, सातव्या दशकातील गिटारीच्या संगीतात हिंदुस्थान होता. त्याची दप्तरी नोंद मात्र सदैव झाली नाही.

या अनाम साथीदारांच्या काळातच तजिंदर सिंगचा जन्म झाला. साल १९६८, गाव वुल्व्हरहॅम्प्टन. त्याच वर्षी एप्रिलच्या २० तारखेस त्या गावच्या नैर्ऋत्य मतदारसंघाचे प्रतिनिधी ईनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे स्थलांतरितांविरुद्धचे आपले कुप्रसिद्ध भाषण केले. आणि त्याच सुमारास गावच्या बसखात्यात दाढी-पगडीसह कामावर येण्याच्या हक्कासाठी शीख चालकांचा झगडा चालला होता, त्यावरील बंदी नगरपालिकेला १९६९ साली मागे घ्यावी लागली. या मुलाच्या कानावर गुरुद्वारातील कीर्तन, घरातील हिंदी चित्रपटांच्या तबकड्या आणि शेजारच्या भिंतीतून झिरपणारे इंग्रजी रेडिओचे संगीत ही तिन्ही एकाच वयात पडली. त्यांपैकी कोणते स्वकीय आणि कोणते परकीय, हा भेद वडीलधाऱ्यांच्या मनात असेल. ऐकणाऱ्या मुलाच्या मनात तो उद्भवण्याचे कारण नव्हते.

आपल्याकडील जमिनीच्या तंट्यांत हक्क शाबीत करण्याचे दोन मार्ग प्रसिद्ध आहेत. एक खरेदीखताचा, दुसरा वहिवाटीचा. वर्षानुवर्षे उघडपणे, कोणाचीही परवानगी न मागता जो वाटेने जातो-येतो त्याचा त्या वाटेवर हक्क जडतो, कागद असो वा नसो. हॅरिसनजवळ सतारीची पावती होती. तजिंदर सिंगजवळ बीटल्सची वहिवाट होती. कॉर्नरशॉपच्या साऱ्या संगीताचे रहस्य मला या एका भेदात दिसते, आणि ज्या टीकाकारांनी त्याला पूर्व-पश्चिमेचा संगम वगैरे नावे दिली त्यांच्याशी माझा मतभेद येथेच आहे. संगम व्हावयास दोन प्रवाह आधी वेगळे असावे लागतात.

प्रेस्टन येथे शिकत असता तजिंदरची आणि बेन एअर्स या तरुणाची गाठ पडली, आणि ती मैत्री आजवरच्या साऱ्या उलाढालींतून टिकून राहिली. आरंभीच्या मंडळीत तजिंदरचा भाऊ अवतार सिंग व ढोलावर डेव्हिड चेंबर्स होते. पुढे अँथनी सॅफरी आले. या वाद्यवृंदाच्या घडणीतील एक बाब मोठी मौजेची आहे: सतार वाजवीत असे तो सॅफरी, तंबोरा धरीत असे तो एअर्स, आणि सरदारजींचा मुलगा गिटार घेऊन इंग्रजीत गात असे. कोणी कोणते वाद्य धरावे याविषयी लोकांच्या ज्या अपेक्षा असतात त्या येथे मुद्दाम उलट्या केलेल्या नाहीत. ज्याला जे येत होते ते त्याने धरले, इतकेच.

ज्या स्वतंत्र प्रकाशनसंस्थेने त्यांना आश्रय दिला तिचे नाव ‘वीजा’. लंडनच्या टॅलबट रोडवरील ‘रफ ट्रेड’ या तबकड्यांच्या दुकानातून ती निघाली, आणि त्या दुकानाचा टपाल-संकेतांक डब्ल्यू ११ १ जेए हाच, अक्षरे-आकडे सारखे मानून, तिने नाव म्हणून घेतला. मोठ्या कंपन्यांच्या मुखत्यारीबाहेर, स्वतःच्या हिमतीवर तबकड्या काढणाऱ्या अशा संस्थांचा विलायतेत १९७६ नंतर सुकाळ झाला होता, आणि त्यांच्या आश्रयाने पुढील दशकात जे वाद्यवृंद निपजले त्यांतील कित्येकांचे आराध्यदैवत सातवे दशकच होते. मँचेस्टरच्या ‘स्मिथ्स’मधील जॉनी मार याच्या रिकनबॅकर गिटारीचा किणकिणाट, १९८६ साली एका संगीत-साप्ताहिकाने काढलेल्या बावीस गाण्यांच्या ध्वनिफितीतून ऐकू येणारे बर्ड्सचे प्रतिध्वनी, लिव्हरपूलच्या ‘ला’ज’ मंडळींचे १९८८ सालचे सुरेख पद: हे सारे गमावलेल्या एका इंग्लंडची आळवणी करीत होते. आळवणी गोड होती. परंतु त्या इंग्लंडात कोपऱ्यावरच्या दुकानाला जागा होती की नव्हती, हे कोणी सांगत नव्हते.

ते १९९२ साली कळले. स्मिथ्सचा पूर्वाश्रमीचा गायक मॉरिसी याने ऑगस्टात लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये, स्किनहेड तरुणींचे चित्र पाठीशी असताना, युनियन जॅक फडकविला; त्यापूर्वी चार वर्षांमागे विलायतेतील एका बंगाली तरुणाला तू येथला नव्हेस असे सुचविणारे गाणेही त्याने केले होते. कॉर्नरशॉपच्या तरुणांनी ध्वनिमुद्रिका कंपनी ई.एम.आय.च्या कचेरीसमोर, पत्रकारांना बोलावून, त्याचे चित्र जाळले. ह्या कृत्याची त्यांना प्रसिद्धी मिळाली, आणि प्रसिद्धीसाठीच केले असा आक्षेपही आला. माझ्या मते हा आक्षेप खरा धरला तरी मुद्दा उरतोच. जाळणारे लोक स्मिथ्सच्या संगीताचे शत्रू नव्हते. त्याच गिटारीवर वाढलेले होते. शत्रूच्या पुतळ्याला आग लावणे सोपे असते. ज्याच्या सुरांवर आपण पोसलो त्याने आपणास दाराबाहेर ठेवले, ही तक्रार निराळ्या जातीची आहे, आणि वहिवाटदाराची कैफियत याच जातीची असते.

त्या काळच्या त्यांच्या तबकड्या, पहिली तर रश्शाच्या पिवळट रंगाच्या तबकडीवर काढलेली, आज ऐकताना त्यांतील गलका कानास टोचतो; आणि खरे सांगावयाचे तर त्यांचा हात तेव्हा कच्चा होता. १९९५ च्या ‘वुमन्स गॉटा हॅव इट’ मध्ये मात्र एकाच सुरावर दीर्घकाळ झुलणारी, पंजाबी शब्दांची ‘६ ए.एम. जालंधर शेरे’ सारखी रचना आढळते, आणि गलका ओसरून तेथे ठाय लयीचा विश्वास दिसू लागतो. ती तबकडी अमेरिकेत डेव्हिड बर्न याने आपल्या संस्थेतर्फे काढली.

यानंतर १९९७. त्या वर्षीच्या ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेवन्थ टाइम’ या तबकडीला अमेरिकेतील ‘स्पिन’ मासिकाने वर्षातील सर्वश्रेष्ठ ठरविले, तिच्यात कवी ॲलन गिन्झबर्गचा आवाज आहे, हे तपशील ग्रंथात येतीलच. मराठी वाचकाचे लक्ष जावयाचे ते ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ या गाण्याकडे. १९३३ साली सांगली संस्थानातील गोआर गावी मास्टर दीनानाथांच्या घरी जन्मलेल्या, १९४३ च्या ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटापासून पार्श्वगायनास आरंभ केलेल्या आशा भोसल्यांना उद्देशून विलायतेतील एका कामगारवस्तीच्या मुलाने केलेली ही स्तुती आहे. आणि ती स्तोत्राच्या थाटात नाही. गिटारीचे दोन-तीन स्वरसंघात, अगदी सातव्या दशकातील तालीमखोलीत बसविल्यासारखे, कसलीही कसरत न करता फिरत राहतात, आणि त्यांवर गायक जवळजवळ बोलल्यासारखा गातो. त्यात लताबाई आहेत, मोहम्मद रफी आहेत, आकाशवाणी आहे, आणि त्यांच्याच ओळीत फ्रान्सचा झाक द्युत्रोंक, लंडनचा मार्क बोलन आणि जमैकन संगीताच्या तबकड्या काढणारी ‘ट्रोजन’ कंपनीही आहे. सर्वांना एका मापाने मोजणारा मानदंड एकच, मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी. ज्याच्या घरी या तबकड्या एकाच खोक्यात एकमेकींस टेकून ठेवलेल्या होत्या, त्याने केलेली ती मालमत्तेची यादी आहे असे मला वाटते.

त्याच गाण्यात सरकारच्या साध्या राहणीच्या उपदेशाला आणि धरणांच्या डौलाला बाजूस सारून चित्रपटगृहाच्या अंधारातील गाण्याची बाजू घेतलेली आहे. हा संदर्भ इंग्रज श्रोत्याला सहजासहजी लागण्यासारखा नव्हता. आपणांस तो लागला पाहिजे. १९५२ साली नभोवाणी-खात्याची सूत्रे हाती घेतलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मोठे विद्वान व शास्त्रीय संगीताचे सच्चे कैवारी, यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून हद्दपारी मिळाली, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले; १९५७ साली विविध भारती सुरू करून खात्याने प्रत्यक्षात तो हुकूम मागे घेतला. सदभिरुची हुकमाने वाढविता येते, असे मानणाऱ्या एका मराठी मंत्र्याचा पराभव एका मराठी गायिकेच्या आणि तिच्या बहिणीच्या आवाजाने केला, आणि त्या पराभवाचे गाणे चाळीस वर्षांनी वुल्व्हरहॅम्प्टनच्या मुलाने लिहिले, हा योगायोग केसकरांनाही कदाचित रुचला नसता. पण त्यांच्या न रुचण्यात माझी थोडी सहानुभूती आहे, हे नमूद करून ठेवतो.

ऑगस्ट १९९७ मध्ये हे गाणे विक्रीच्या कोष्टकात साठाव्या स्थानी पोहोचून थांबले. बी.बी.सी.वरील जॉन पील यांच्या श्रोत्यांनी वर्षअखेरच्या मतदानात त्याला पहिला क्रमांक दिला. बाजाराने दिला नाही. नंतर नॉर्मन कुक याने, जो स्वतः पूर्वी ‘हाउसमार्टिन्स’ या गिटार-वाद्यवृंदात खर्जाची गिटार वाजवीत असे, त्याची लय वाढविली, सूर चढविला, ढोलाचा ठोका ठळक केला, आणि १९९८ च्या फेब्रुवारीअखेर ते ‘टायटॅनिक’च्या गाण्याला खाली उतरवून ब्रिटनमध्ये पहिल्या स्थानी गेले. आठवडाभराने मॅडोनाने ती जागा घेतली. तो आठवडा महत्त्वाचा होता याबद्दल वाद नाही. परंतु कुकच्या आवृत्तीत मूळ गाण्यातील आळस हरवला, आणि आळस हाच तेथे रस होता: दुपारी दुकान रिकामे असताना मागच्या खोलीत लावलेल्या तबकडीची ती लय आहे, नृत्यगृहाची नव्हे. ज्यांना हे गाणे केवळ त्या धावत्या रूपातच ठाऊक आहे त्यांनी मूळ रूप आधी ऐकावे आणि मग निवाडा करावा.

त्याच तबकडीच्या शेवटी ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीत आहे. येथे थट्टेची पुष्कळ सोय होती. सूड उगविण्याचीही होती. दोन्ही नाहीत. तजिंदर ते पद सरळ, काहीशा कोरड्या आवाजात, आपल्या मातृभाषेत म्हणतो, आणि सतारही तीच जागा घेते जी मूळ गाण्यात होती. ऐकताना लक्षात येते की शब्द पंजाबी झाल्याबरोबर सतारीचा अलंकारपणा गळून पडला आहे. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी जी शोभेसाठी आणली होती ती आता गाण्याच्या अंगची झाली. हॅरिसनचा यात पराभव नाही, उलट त्याच्या अर्धवट राहिलेल्या कामाची पूर्तता आहे, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण पूर्तता हा शब्दही जरा मोठा पडतो. तजिंदरने लहानपणापासून ऐकलेले एक गाणे आपल्या घरच्या बोलीत म्हटले. तसे करण्यास परवानगीची गरज असते, असे त्याला वाटलेले दिसत नाही.

यशानंतर बहुतेक वाद्यवृंद त्याच गाण्याच्या नकला काढीत बसतात. यांनी पाच वर्षे लावून २००२ साली ‘हँडक्रीम फॉर अ जनरेशन’ काढली, तिच्यातील एका लांबलचक रचनेत ‘ओॲसिस’च्या नोएल गॅलघरने गिटार वाजविली. मग आपली स्वतःची ‘अँपल प्ले’ ही संस्था काढली, आणि २०११ मध्ये बबली कौर या गायिकेसह एक संपूर्ण पंजाबी तबकडी केली, जी माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत आनंदी आहे. २०२० साली आलेल्या ‘इंग्लंड इज अ गार्डन’ मध्ये गिटारी पुन्हा सातव्या दशकाच्या थाटात मोकळ्या वाजतात, बासरी आहे, वुल्व्हरहॅम्प्टनच्या आसपासच्या कारखानी मुलुखातील जड गिटार-संगीताला दिलेली मानवंदना आहे, आणि एका गाण्याच्या मथळ्यात तीच जुनी शिवी, आता अगदी खेळकर सुरावर बसविलेली. १९९४ च्या कायद्याने इंग्लंडात मोठ्या दुकानांना रविवारी उघडण्याची मुभा मिळाली, तेव्हापासून कोपऱ्यावरच्या दुकानांचा रविवारचा गल्ला आटत गेला, आणि मालकांची मुले अन्य व्यवसायांत शिरली. पाटी या गाण्यांवर राहिली.

ग्रंथातील गाण्यांची नावे देवनागरीत उच्चारानुसार दिली आहेत आणि पदांचे भाषांतर टाळले आहे, ते योग्यच झाले. नव्या श्रोत्याने आरंभ १९९७ च्या तबकडीपासून करावा, तीही क्रमाने, मधले तालांचे लहान तुकडे न वगळता. त्यानंतर बबली कौर, नंतर २०२० ची तबकडी, आणि आरंभीचा गलका अगदी शेवटी, जेव्हा तो कशासाठी होता हे ठाऊक झालेले असेल.